खरखर

“बोलू दे की त्याला,” असं म्हणून ते रेडिओला कान लावायचे. गिऱ्हाईक बिघाड सांगत असलं तरी हात वर करून त्याला थांबवायचे. मंगळवार पेठेत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचो. त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही.

मी शाळेत भूगोल शिकवायचो. निवृत्तीनंतर शॉर्टवेव्हचा नाद पुन्हा लागला. जगभरची जी थोडी स्टेशनं अजून उरली आहेत, ती माझ्या जुन्या ट्रान्झिस्टरवर शोधत बसायचो. पण लांबच्या स्टेशनांचा आवाज बुडू लागला, म्हणून रेडिओ चाचांकडे नेला.

“सर, ह्याचं एजीसी गेलंय,” ते म्हणाले. मग शिकवल्यासारखं समजावून सांगितलं. लांबचं स्टेशन बारीक आलं की रेडिओ आपणहून जोर लावतो, जवळचं दांडगं आलं की आवाज दाबून धरतो. त्या कामातला एक कपॅसिटर वाळला होता. तो त्यांनी बदलला.

घरी आणून लावला तर दोन स्टेशनांच्या मधल्या जागेत भयंकर खरखर. आधी तिथे शांत असायचं. मागचं झाकण काढलं, तर धुळकट भागांमध्ये एक नवा चकचकीत भाग. माझं ठरून गेलं: यांनी आतला चांगला माल काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोरच मी तसं बोललो. चाचांचा आवाज चढला नाही. “स्टेशन न्हाय तिथं त्यो जोर लावून शोधतोय, म्हणून खरखर येतीया. स्टेशनावर लावून ऐका की, सर.”

मी ऐकलं नाही. संध्याकाळी रेडिओच्या हौशी मंडळींच्या मोबाईल ग्रुपवर दुकानाच्या फोटोसकट सगळं लिहिलं. सावध राहा, असंही लिहिलं. दुकान चाचांऐवजी आपल्यातल्या कुणाचं असतं तर मी इतक्या झटकन चोर म्हणालो असतो का? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आता पडतो, आणि उत्तर मला माहीत आहे.

पुढे ग्रुपमध्ये नव्याने आलेले एक इंजिनिअर आपला नवा रेडिओ घेऊन घरी आले. त्या महागड्या रेडिओवरही मधल्या जागेत तीच खरखर. माझ्या सेटच्या खरखरीची मी तक्रार केली, तर ते हसले. तुमचा सेट आधी शांत होता, कारण तो बहिरा झाला होता, असं म्हणाले. माझ्या रेडिओवर त्यांनी एक लांबचं स्टेशन लावलं. निवेदिकेचा आवाज एकसारखा, स्वच्छ येत होता. “कुणी केलाय? हात चांगला आहे,” त्यांनी विचारलं.

“आहे एक जण,” मी म्हणालो आणि चहा आणायला आत गेलो.

चाचांकडे जायला मला आणखी चार महिने लागले. दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या शिंप्याने सांगितलं, “चाचा पेठ वडगावला लेकीकडं गेलं. पार्ट बदलतंय म्हणून कुणीतरी उठवलं, मग रेडिओवाली मान्सं यायची थांबली.” त्या कुणीतरीला समोर उभा बघूनही त्याने ओळखलं नाही.

वडगावला जावयाच्या दुकानात ते मिक्सर खोलून बसले होते. मी चुकलो, असं सांगितलं. त्यांनी स्क्रू फिरवून बाहेर काढला.

“ग्रुपवर लिवलासा, तवा किती मान्सं हुती?”

“पन्नासेक.”

“आन हितं?”

आम्ही दोघंच होतो. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. तो संपेपर्यंत मला मान वर करता आली नाही.

त्याच दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, की दोष माझा होता, काम चोख होतं. चार-पाच जणांनी पसंतीच्या अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. एकाने विचारलं, “माझाही सेट द्यायचा आहे. दुकान कुठे आहे?”

दुकान बंद झालंय, एवढंच मी लिहिलं. का बंद झालं, ते लिहायला हात चालला नाही.