विहीर शोधणारी टोळी

नागपूरच्या इतवारीतलं ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि विसरावं असं मला वाटतही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण निवृत्तीनंतर कोणी एक गोष्ट सांगा म्हटलं, की मी हीच सांगतो. ती ऐकून काही जुने सहकारी अजून नाक मुरडतात. मुरडू द्यावं.

तेव्हा मी जुन्या शहरातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. एके दिवशी सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात धान्याचे एक ठोक व्यापारी तक्रार घेऊन आले. त्यांच्या गोदामाभोवती अनोळखी माणसं फिरतात, भिंतींवर खडूनं निळे गोल काढतात, फोटो घेतात. ही घरफोडीची तयारी आहे, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे अशा खुणा करून चोऱ्या करणाऱ्या टोळ्या येऊन गेल्या होत्या, त्यामुळे मी तक्रार हलक्यात घेतली नाही. साध्या कपड्यातली माणसं गल्लीत पेरली. दुपारपर्यंत त्यांनी तिघांना ठाण्यात आणलं: नर्सिंग झालेली एक मुलगी, गांधीबागेतल्या कापड दुकानाचा एक सेल्समन आणि एका शाळेचे चित्रकलेचे शिक्षक. तिघांच्याही खिशात निळा खडू होता.

संशयितांना एकत्र बसवायचं नाही, हा आमचा पहिला धडा. एकत्र बसले की ते डोळ्यांनी बोलतात. म्हणून तिघांना तीन खोल्यांत बसवलं, मुलीजवळ महिला शिपाई दिली, आणि तिघांना एकच प्रश्न विचारला: तिथं काय करत होता?

मुलगी म्हणाली, "मारुतीच्या देवळामागे काय आहे ते पाहून राहिली होती."

सेल्समन म्हणाला, "ओली भिंत शोधून राहिलो होतो साहेब. मे महिन्यातही ओली राहते अशी."

शिक्षकांनी एक कमान शोधत असल्याचं सांगितलं. तिच्यावर दगडी कमळ आहे म्हणे.

"साहेब, तिघं तीन गोष्टी सांगून राहिले," हवालदार म्हणाला. "पक्के बनेल आहेत." आमच्या धंद्यात तीन उत्तरं तीन तऱ्हेची आली, की खोटं पकडलं असं समजतात. मीही पेन उघडलं होतं.

खोदून विचारलं तेव्हा तिघांनीही एक खेळ चालू असल्याचं सांगितलं. मोबाइलवर निरोप येतात. निरोप पाठवणारी बाई म्हणे बऱ्याच वर्षांनंतरच्या नागपुरात राहते. तिथले नळ कोरडे पडलेत, म्हणून ती आजच्या माणसांना सांगते: शहरातल्या बुजलेल्या सार्वजनिक विहिरी शोधा आणि साफ करा. ही बाई खरी कुठेच नाही, हे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी सगळे ती असल्यासारखं वागतात, आणि काम मात्र खरंखुरं करतात. महाल भागातल्या दोन विहिरींचा गाळ त्यांनी असाच काढला होता. पाहून झालेल्या जागेवर दुसऱ्यांसाठी निळा गोल करायचा, हा त्यांचा शिरस्ता.

हवालदार हसला. मला हसू आलं नाही, कारण तेवढ्यात मुलीची आई आली होती. शिलाईचं काम करणारी बाई, गळ्यात मोजायची टेप तशीच. मुलीची सरकारी दवाखान्यात निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्यातून व्हायची होती. गुन्हा नोंदवला असता तर ती नोकरी तिथंच संपली असती.

व्यापारी बाकावर बसूनच होते. ते गोड आवाजात म्हणाले, "पोरीचं नुकसान व्हावं असं आपल्याले वाटत नाही, साहेब. माफीनामा लिहून द्या म्हणा, अन् पुन्हा या गल्लीत पाय ठेवणार नाही म्हणून लिहा. मी तक्रार मागे घेतो."

मी मुलीला बाहेर बोलावून कोरा कागद पुढे केला. "लिहून दे वं," आई तिला म्हणाली. "हातची नोकरी जाईन."

"आई, लिहिलं तर मी चोर ठरते. कायची माफी मागू? मी नाही लिहीत." मुलगी हे शांतपणे बोलली. तिनं कागद माझ्याकडे परत सरकवला. मला ती त्या क्षणी फार आवडली, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट मला खटकली. चोरीची भीती असलेला माणूस चोराला आत टाका म्हणतो. हे गृहस्थ मात्र फक्त गल्लीत येऊ नका एवढंच मागत होते.

मग मी आमच्या शिकवणीच्या बरोबर उलट केलं. तिघांना एका टेबलाभोवती बसवलं, चहा मागवला आणि म्हटलं, "खेळा. माझ्यासमोर खेळा." तिघं आधी बावरले. त्यांच्या खेळाचा नियमच असा, की एकाला एकच खूण मिळते. चारचौघं भेटल्याशिवाय काही उलगडत नाही. म्हणजे वेगळं बसवून मी ज्याला लपवाछपवी समजत होतो, ती त्यांची अर्धवट माहिती होती. मुलीनं देऊळ सांगितलं, सेल्समननं ओली भिंत, शिक्षकांनी कमान कागदावर काढून दाखवली. चित्र पुरं व्हायच्या आत हवालदाराचा कप हातातच राहिला.

"साहेब, हे तर यांचंच गोदाम."

बाकावरचे व्यापारी उठून उभे राहिले होते.

मी लगेच दोन पंच घेतले आणि स्थळ पंचनाम्याला निघालो.

"आत काहून येता? ते लोक तर बाहेर होते," व्यापारी दारातच म्हणाले.

"गोदामावर पाळत आहे, असं तुम्हीच लिहून दिलंय. गोदाम पाहिल्याशिवाय माझा पंचनामा पुरा होत नाही," मी म्हणालो. त्यांच्याच सहीची तक्रार त्यांना दाखवली.

हरभऱ्याची पोती बाजूला केली. खाली सिमेंटचा स्लॅब होता. हवालदारानं काठी आपटली तर पोकळ वाजलं. कडेला दगड उघडा पडला होता आणि त्यावर पाणी ओढायच्या दोरीनं पडलेल्या खोल खाचा होत्या. पंचांपैकी एक वयस्कर दुकानदार म्हणाला, "माहीत तर साऱ्या गल्लीले होतं साहेब. विचारलं कोणी नव्हतं." मी ते वाक्य पंचनाम्यात जसंच्या तसं घेतलं.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. फिर्यादीच्याच जागेची झडती घेतली का, असं त्यांनी विचारलं. झडती नाही, पंचनामा, असं मी सांगितलं. गुन्हा नोंदवून तिघांना पुढे पाठवा, असंही सांगण्यात आलं. तोंडी आदेश पाळत नाही, लेखी द्या, असं मी उत्तर दिलं. लेखी काही आलं नाही. आली ती माझी बदली, नियंत्रण कक्षात. कार्यभार सोडण्याआधी महानगरपालिकेला सार्वजनिक विहिरीवरच्या अतिक्रमणाचा अहवाल पाठवला आणि मुलीच्या पडताळणीवर 'गुन्हा नोंद नाही' असं लिहून सही केली. कोणी उपकार म्हटलं तर मला राग येतो. जे खरं होतं तेच मी लिहिलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. माणसं वेगळी पाडली की ती गुन्हेगार दिसू लागतात, हे शिकवलं. कोणाच्या सोयीसाठी आपण त्यांना वेगळं पाडतो, हे स्वतःला विचारायला शिकवलं. बाकीचं मला आधीपासून येत होतं.

स्लॅब निघायला बरेच महिने गेले. मुलगी तोवर नोकरीवर रुजू झाली होती. तिनं फोन केला, "सर, रविवारी गाळ काढून राहिलो. माणसं कमी पडतात. येता का?"

मी गेलो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून साखळीत उभा राहिलो, घमेली पुढे देत. समोरच्या ओट्यावर गोदामाचा एक माणूस मोबाइलवर आमचं चित्रण करत होता. ते व्यापाऱ्याकडून माझ्या वरिष्ठांकडे जाणार हे मला ठाऊक होतं, आणि निवृत्तीला अजून अवकाश होता.

"अरे, इतक्या लांबून चेहरा येणार नाही," मी त्याला म्हणालो. "जवळ ये गा, अन् नीट काढ."