रोवण्याच्या ओळीत बीपीची गोळी

आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. बाबा सभेला गेले की पत्रकांचा गठ्ठा घेऊन येत आणि जेवणं झाली की एकेक मोठ्यानं वाचून दाखवत. शाळेच्या पुस्तकाआधी मी त्यांच्यावरच अक्षरं जोडायला शिकले. त्यातून माझा एक पक्का समज झाला: खरी गोष्ट ठणकावून छापली की माणसं बदलतात. नाही बदलली तर अक्षर आणखी मोठं करायचं.

चार वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला. मी नागपूरला कॉलेजात होते. सकाळी त्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबला, जीभ अडखळली. गावात याला 'हवा लागली' म्हणतात. हवा लागलेल्या माणसाला घोंगडीत गुंडाळून बंद खोलीत ठेवतात आणि कबुतर कापून त्याचं गरम रक्त अंगाला चोळतात. बाबांना तसं दोन दिवस ठेवलं. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. मेंदूतली नस गुठळीनं बंद झाली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं, हे मला त्या दवाखान्याच्या बाकावर बसून कळलं. बाबा आता काठी टेकत चालतात. वाक्य सुरू करतात आणि मध्येच थांबतात.

डिग्री घेऊन मी गावात परत आले त्या वर्षी उपकेंद्रात बीपीची तपासणी झाली. आईचा वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे निघाला. डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली आणि स्पष्ट सांगितलं, "ही सुटली तर तुमच्या घरात दुसरा लकवा होईल." आई मान हलवून घरी आली. तेव्हापासून मला एकच भीती होती. काठी टेकणारं एक माणूस घरात होतंच; त्याला उठवणारी, न्हाऊ घालणारी बाईही तशीच पडली तर?

मग मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. लकवा म्हणजे हवा नव्हे, मेंदूच्या नसेचा आजार, इथून सुरुवात करून मीठ, तंबाखू, गुठळी, सगळं मांडलं. आणि शेवटी ठळक अक्षरात: 'कबुतर कापणाऱ्यांनो, तुम्ही कबुतर नाही, माणूस मारता.' संध्याकाळी बुद्धविहारात ते वाचलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. आई मागच्या भिंतीला टेकून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मला वाटलं, पोरीचं कौतुक वाटत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाच्या डब्याखाली आईच्या गोळ्यांची पाकिटं सापडली. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाल्यापासून एकही गोळी फोडलेली नव्हती.

"आई, हे काय?"

"रोवणा झाला का खाईन."

"लकवा काय रोवणा संपायची वाट पाहून राह्यला?"

तिनं शिदोरी उचलली आणि निघून गेली. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन तिच्या मागे.

आमच्याकडे धानाचा रोवणा बायांची टोळी करते. चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सगळ्या एका ओळीत वाकतात, हातातले पऱ्हे म्हणजे धानाची रोपं लावत लावत मागे सरकतात. प्रत्येकीची पट्टी ठरलेली. आईच्या टोळीची म्होरकी शेजारच्या घरची काकू होती. सगळ्या रोवणाऱ्या तिच्या शब्दावर चालत. तिनं मला बांधावर पाहिलं.

"आली व, मास्तरीण आली! कागद ठेव तिथी अन पऱ्हे धर. कागद रोवला तं उगवत नाई."

बाया खदखदल्या. मी गठ्ठा बांधावर ठेवला, सलवार वर खोचली आणि आईच्या नि काकूच्या मध्ये उभी राहिले. पाच मिनिटांत कंबर बोलायला लागली.

"काल चांगलं वाचलं तू," काकू वाकूनच म्हणाली. "पण तुझ्या बापासाठी कबुतर कोनं कापलं, मालूम हाय?"

मी काकूकडे पाहिलं.

"मीच कापलं," आई म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "गाडी नव्हती. तुझा बाप माझ्या तोंडाकडं पाहून राह्यला होता. काही तं करा लागे."

मी आयुष्यात इतकी कधी लाजले नसेन. कबुतराच्या रक्तानं लकवा बरा होत नाही, हे मी आजही छापीन, त्यावर कुणाशीही भांडीन. पण ज्या घाबरलेल्या बाईनं हाताशी जे होतं ते केलं, तिला मी भर विहारात खुनी ठरवलं होतं. आणि ती बाई माझी आई होती.

हातातली जुडी रोवून संपल्यावर मी विचारलं, "आई, गोळी काऊन सोडली?"

ओळीत हसू पसरत गेलं. काकू म्हणाली, "सांग व, पोरगीच हाय ना."

आई सांगेना, तेव्हा काकूनंच सांगितलं. "त्या गोळीनं घडीघडी मुताले लागते. जाऊ कुठी? त्या बांधावर मालक छत्री धरून उभा, या बांधावर पऱ्हे फेकनारे गडी. अन एक जन ओळ सोडून गेली का तिची पट्टी मागं राह्यते. बाजूवालीले दोघींचं रोवा लागते. मंग ते बोलते. कोन ऐकून घेईन?"

"म्हणून पाणी बी नाई पीत आमी," पलीकडची एक म्हणाली. "मी बी सोडली गोळी."

"मी बी."

"माही तं जून महिन्यापासूनच बंद."

वाकलेल्या पाठींमधून एकेक आवाज येत गेला. आईसकट पाच. पाचही जणी लकव्याच्या वाटेवर, आणि कारण इतकं साधं की ते कुणी कागदावर लिहिलंच नव्हतं. मीही नाही. अडाणीपणावर मी अर्धं पत्रक भरलं होतं. भर दिवसा बाईला आडोसा नाही, यावर एक ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी उपकेंद्रातल्या डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मला या बायांपैकी कुणीच बोललं नाही."

"तुमच्यासमोर तो शब्द कोण काढेल, सर? तुम्ही विचारलं होतं का?"

माझा आवाज चढला होता. त्यांना राग आला असता तरी चाललं असतं. ते म्हणाले, "नव्हतं विचारलं." मग पाचही जणींना बोलावून प्रत्येकीला वेगळं तपासलं. आईची लघवी वाढवणारी गोळी बदलून दुसरी दिली. एकीची तीच ठेवली, फक्त वेळ बदलली. मनानं बंद करायची नाही आणि बांधीत पाणी प्यायचंच, हे मात्र सगळ्यांना दरडावून सांगितलं.

पाणी प्यायचं तर पुन्हा तोच प्रश्न. तो काकूनं सोडवला. उन्हं चढली की तिनं हाक दिली, "चाला, सगळ्या!" आणि अख्खी टोळी एकदम ओळीतून बाहेर पडली. कुणाचीच पट्टी मागे राहिली नाही.

"ही काय नवीन फॅशन?" मालक म्हणाला.

"छत्री तिकडं फिरवा, मालक. अन गड्याईलेही फिरवा."

त्यानं छत्री फिरवली.

नवं पत्रक त्याच बांधावर तयार झालं. मी फक्त लिहून घेतलं. 'तिले हसाले लावा, तोंड एका बाजूले गेलं का पाहा. दोन्ही हातानं पऱ्ह्याच्या जुड्या वर धराले लावा, एक हात खाली आला का पाहा. नाव विचारा, बोबडी वळते का पाहा. यातलं एक जरी दिसलं, तं घडीत किती वाजले ते पाहा अन गाडी बोलवा. आपोआप बरं झालं तरी दवाखान्यात न्या.' शेवटचं वाक्य काकूचं: 'कबुतराले जगू द्या.' ते वाचून बाबा हसले. वाकडं हसले, पण भरपूर.

आज त्या बायांची आठवण येते तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचं हसणं ऐकू येतं. त्यांना मला हाकलून देता आलं असतं. त्यांनी मला पऱ्हे दिले, जागा दिली आणि जे डॉक्टरला सांगितलं नाही ते मला सांगितलं. मला जे थोडंफार लिहिता येतं ते बाबांमुळे. विचारायला मी त्या चिखलात शिकले.

रोवणा आटोपल्यावर आम्ही उपकेंद्रात गेलो. नर्सबाईनं आईच्या दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा एकशे अडतीसवर थांबला.

"पुन्हा पाह्य व बाई," आई म्हणाली. "मशीन बिघडली असन."

पुन्हा मोजलं. तेवढाच.

आईनं महिन्याच्या गोळ्या घेतल्या आणि पदरात बांधल्या. दाराशी दुसऱ्या टोळीतली एक तरणी बाई आत जाऊ की नको करत उभी होती. आई तिच्याजवळ थांबली.

"काऊन, गोळी सोडली का?"

तिनं खाली पाहिलं.

"चाल. तुले लाज वाटत असन तं मी सांगतो डॉक्टरले," असं म्हणत आईनं तिचा हात धरला आणि तिला आत घेऊन गेली. मी बाहेर उभी राहिले. आतून आईचा आवाज स्पष्ट येत होता, आणि तिला तिथं माझी काही गरज नव्हती.