दोन झबली

आमच्या प्रसूती वॉर्डातल्या सिस्टर प्रत्येक नव्या लेकराला जुन्या लुगड्याचं झबलं शिवतात आणि शिवता शिवता माणसांना झापतात. देऊळघाटच्या एका बाईला छातीशी जोडलेल्या जुळ्या मुली झाल्या, तेव्हा लोक नारळ घेऊन आले. सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"दर्शन कायचं घेता? लेकरं आहेत ते. दूध पिऊ द्या त्यायले!"

दोघींची हृदयं वेगळी आहेत का, हे नागपूरच्या डॉक्टरांना पाहायचं होतं. त्यांना तिकडे न्यायला गाडी येईपर्यंत सिस्टरांनी दोन झबली समोरून उसवली आणि कडांना बंद लावून ती एकमेकांना बांधली.

"पक्कं शिवून टाका ना," औषधं द्यायला गेलेला मी म्हणालो.

चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "काऊन? उद्या डॉक्टरनं अलग केल्या, त बंद सोडले का दोघींचे दोन झाले पायजेत."