एका पाटलीची पावडर होत नाही

सुशीलाक्कांनी पाटली माझ्या टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काही काढला नाही.

"आईची आहे. मेघनाच्या लग्नातल्या हारात हेच सोनं जायला पाहिजे. दुसरं नको."

अक्कांचं अग्रहार भागात टेलरिंगचं दुकान. माझे ब्लाउज वर्षानुवर्षं त्याच शिवतात. म्हणून लेकीच्या हारासाठी त्या मेटगळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या दागिन्यांच्या युनिटमध्ये थेट माझ्याकडे आल्या. मी तिथे मेटल प्रिंटिंग बघते. म्हणजे सोन्याची पिठासारखी बारीक पावडर मशीनमध्ये पसरायची, लेझरनं हवी तेवढीच वितळवायची, वर पुन्हा पावडर, पुन्हा लेझर. थरावर थर चढून दागिना होतो. मेघनाला हवी होती तशी आतून पोकळ, दुहेरी जाळी हातानं झालीच नसती.

पण एका पाटलीची पावडर होत नाही. त्यासाठी वितळलेल्या सोन्याचा फवारा मारावा लागतो, आणि सोनं पुष्कळ लागतं. शिवाय उरलेली पावडर चाळून पुढच्या दागिन्याला वापरतात. कुणाचं सोनं कुणाच्या गळ्यात गेलं, ते आम्हालाही सांगता येत नाही.

मी आमच्या सरांना विचारलं.

"हो म्हणून टाका ना मॅडम," ते कन्नडमध्ये म्हणाले. "सोनं ते सोनं. त्यांना काय कळणार आहे?"

"मला कळेल ना, सर."

"ऑर्डर गेली तर?"

"गेली तर गेली."

बोलले खरी, पण ऐन लग्नसराईत ऑर्डर घालवणं परवडणारं नव्हतं.

मला आमच्या लहानपणचा सोनार आठवत होता. दागिना मोडायचा असला की आई डबा बांधून मला घेऊन जायची. सोनं आटेपर्यंत आम्ही शेगडीसमोरून हलायचो नाही. टाकणखाराचा वास, फुंकणीचा आवाज आणि मुशीत लाल होऊन फिरणारा तो गोळा. आई सोनाराशी जगभरच्या गप्पा मारायची, नजर मात्र मुशीवर. फार सुखाचे दिवस होते ते. आता मशीनचं दार बंद, आणि गिऱ्हाईक घरी बसून मोबाइलवर फोटोची वाट बघतं.

अक्कांना मी सगळं खरं सांगितलं. त्या पाटली रुमालात बांधायला लागल्या.

"सरी, बरं, मग राहू दे. मेघनाला मी समजावते. रडेल थोडी."

"थांबा हो अक्का. पुढची जाळी आमच्या पावडरची करू. मागची साखळी, कडी, आकडा पाटलीतून. हातानं, तुमच्यासमोर."

"माझ्यासमोर म्हणजे?"

"डबा घेऊन या."

सर कुरकुरले, कारण गिऱ्हाइकाला आत बसवायची आमच्याकडे पद्धत नाही. तरी अक्का आल्या. आमचे कारागीर मंजण्णा यांनी पाटली मुशीत टाकली तेव्हा अक्कांनी पदर तोंडाला लावला. सोनं फिरायला लागलं. मीही काम सोडून त्यांच्या स्टुलाशेजारी उभी राहिले. दुपारी तिघांनी मिळून अक्कांच्या डब्यातलं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा पिवळा भात, खाल्लं.

लग्नात जाळी खरंच सुरेख दिसत होती. तिच्या डिझाइनसाठी मी डोळे फोडून घेतले होते, म्हणून जरा ऐटीतच उभी होते. अक्का मेघनाला पाहुण्यांपुढे घेऊन आल्या. खांदे धरून तिला पाठमोरी केली, वेणी बाजूला सारली आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"ही माझी आई."

जाळीकडे कुणी बघितलंच नाही. तेव्हापासून गिऱ्हाइकाला डिझाइन दाखवण्याआधी मी विचारते, घरातलं जुनं काय आणलंय. हाराची मागची बाजू आधी ठरवते.