गणपतीमागचा पंखा

"तुझा वेळ कसा जातो गं दिवसभर?" हा प्रश्न टेक्ससमधल्या प्लेनो गावात मला ज्या ज्या बाईनं विचारला, तिला एकदा तरी फाडकन उत्तर द्यायला हवं होतं. दिलं नाही. हसून "जातो की" म्हणत राहिले, आणि घरी येऊन स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जायचं दार जरा जास्तच जोरात आपटलं.

वेळ जायला काय धाड भरली होती माझ्या वेळेला? नागपूरला मी इलेक्ट्रिकल इंजिनियर होते. हिंगण्याला एमआयडीसीत विजेच्या मोटारी रिवाइंड करायच्या, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळायच्या कारखान्यात कामाला होते. जळकी मोटार दारात आली की उघडायच्या आधी वासावरून सांगायचे, कॉइल गेलीय की नुसतं बेअरिंग. मग लग्न झालं, नवरा सॉफ्टवेअरवाला, आणि दोन हजार तीन साली आम्ही टेक्ससला आलो. तो कामाला लागला. मला काम करायची परवानगीच नाही. व्हिसावर मी 'डिपेंडंट'. शब्द बघा! सख्ख्या बापावर मी पहिल्या पगारानंतर डिपेंडंट राहिले नव्हते, आणि इथे येऊन सरकारी शिक्क्यानं झाले.

पहिला पंखा मला गल्लीतल्या एका गॅरेज सेलमध्ये मिळाला, म्हणजे लोक घरातलं नकोसं सामान दारात मांडून विकतात तिथे. टेबल फॅन, काळं बिडाचं अंग, पितळेची पाती, अंगावर बोटभर धूळ. विकणारी बाई म्हणाली, चालत नाही, नेतेस तर ने. नेला. उघडला तर आत सगळं माझ्या ओळखीचं. वायरवरच्या कापडाचा हात लावताच भुगा व्हायचा, तेल डिंकासारखं झालेलं, पण कॉइल शाबूत. आठवडाभर खपले. वायर बदलली, दांडा घासला, बुशात तेल सोडलं, जाळीचा गंज काढला. बटण दाबलं तेव्हा तो आधी नुसताच कण्हला, मग एक पातं हललं, मग सगळी. गॅरेजमध्ये मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग एकाचे चार झाले, चाराचे दहा. फळीवर ओळीनं मांडून ठेवलेले. आणि घरी पाहुणे आले की काय व्हावं? पाहुणे गॅरेजमध्ये यायचे, पंखे बघायचे, आणि माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारायचे, "वा यार, काय हॉबी डेव्हलप केलीस!" आणि हा माझा पुण्याचा सज्जन माणूस, ज्याला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो हे सांगावं लागतं, तो काय म्हणायचा? "अरे, असंच." असंच! आयत्या बिळावर नागोबा. नंतर मी भांडले की म्हणायचा, "अगं, मी म्हणालो का मी केलं म्हणून? त्यांना वाटलं, वाटू दे. तुझा टाइमपास चाललाय ना नीट?" टाइमपास. त्या शब्दानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, अजूनही जाते.

तो टाइमपास नाही हे त्या अख्ख्या गावात एकाच माणसाला कळलं होतं. समोरच्या घरात एक म्हातारी अमेरिकन बाई एकटी राहायची. आम्ही घरात त्यांना आजीच म्हणायचो. माझं गॅरेज दिवसा उघडं असायचं, त्या येता-जाता थांबून बघायच्या. एक दिवस रस्ता ओलांडून आल्या त्या टॉवेलात गुंडाळलेला एक पंखा छातीशी धरून.

"हा माझ्या आईचा," त्या म्हणाल्या. "तेव्हा कुणाकडे एसी नव्हता. उन्हाळ्यात रात्री ती हा आमच्या खाटांकडे वळवून ठेवायची. याचा एक आवाज आहे. आईचा आवाज मला आता आठवत नाही, पण याचा आठवतो."

त्यांचं घर विकलं गेलं होतं. महिन्याभरात त्या म्हाताऱ्या माणसांच्या एका होममध्ये राहायला जाणार होत्या. पंखा कित्येक वर्षांपासून बंद होता. "चकचकीत नको करूस," त्या म्हणाल्या. "रंगही नको देऊस. तिथे रात्री मला तो फक्त ऐकायचाय."

मी उघडला आणि मीटर लावला. दोष नुसता वायरीत होता, कॉइल ठणठणीत. आता हे जरा समजून घ्या. पंख्याचा आवाज पात्यांचा नसतो फक्त. कॉइल आणि तिच्याभोवतीच्या लोखंडी पट्ट्या वर्षानुवर्षं तापतात, निवतात, एकमेकींत जरा सैलावतात, आणि मग वीज आली की गुणगुणतात. प्रत्येक जुन्या पंख्याचं गुणगुणणं निराळं. मी आजींना शब्द दिला, आतल्या कॉइलला हात लावणार नाही. तात्पुरती वायर जोडून एकदा चालवून बघितला. खर्जातला आवाज, मध्येच किंचित थरथरणारा, जात्यावर कुणी शेजारच्या खोलीत दळत बसावं तसा. मी ताबडतोब बंद केला. तो आवाज पहिल्यांदा त्यांनी ऐकायचा होता, मी नाही.

आजी तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या, सोमवारी येणार होत्या. कापडी वेष्टणाची वायर पोस्टानं शुक्रवारी आली, मी ती बसवली आणि पंखा फळीवर ठेवला. शनिवारी आमच्या मंडळाचा गणपती होता. मी सकाळीच हॉलवर गेले, कारण उकडीच्या मोदकांची उकड काढायला चार हात कमी पडत होते. हॉल म्हणजे एका शाळेचं कॅफेटेरिया. तिथे पंखे दुरुस्त करणाऱ्या बाईला कुणी कशाला विचारेल, मोदक वळायला मात्र सगळ्यांना तीच आठवते.

आरतीच्या वेळी पदराला हात पुसत बाहेर आले आणि जागीच थिजले. गणपतीच्या मागे, थेट मस्तकामागे, आजींचा पंखा! जाळी काढून टाकलेली. उघडी पितळी पाती लिंबू-मीठ लावून लख्ख घासलेली, आणि प्रत्येक पात्याला सोनेरी झिरमिळ्या बांधलेल्या. गणपतीमागे चक्र फिरायला पाहिजे ना! आपल्याकडे घरोघरी असतं, इथे मिळत नाही, मग काय, जे हाताला लागेल ते. समोर लहान लहान मुलं बागडताहेत, पात्यांना जाळी नाही, आणि एकालाही त्याचं काही वाटू नये. इंजिनियर होते हो तिथे पैशाला पासरी!

मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, ते माइकवर सांगत होते की यंदाचं हे फिरतं चक्र आपल्या एका कलाकार मित्राच्या गॅरेजमधून आलंय. आणि माझा नवरा पहिल्या रांगेत उभा राहून लाजत हात जोडत होता. मी हॉलवर आल्यानंतर काका डेकोरेशनचं सामान न्यायला आमच्या घरी आले होते. त्यांना गॅरेजमध्ये पंखा आवडला. नवऱ्यानं उचलून दिला.

मी गर्दीतून वाट काढायला लागले. तोवर आरत्या रंगात आल्या होत्या. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, थांबायचं नाव नाही. आणि मला वास आला. हिंगण्याच्या कारखान्यात शेकडो वेळा घेतलेला वास. वार्निश जळतंय, कॉइल जळतेय. झिरमिळ्या दांड्यात गुरफटल्या होत्या, चक्र केव्हाच थांबलं होतं, आणि अडकलेल्या मोटारीत वीज चालूच होती. निळसर धुराची रेघ गणपतीच्या मुकुटामागून वर जात होती.

आणि लोक? लोकांनी डोळे मिटून तो वास छातीभर घेतला! फायर अलार्मच्या भीतीनं त्या हॉलमध्ये कापूर-उदबत्तीला बंदी होती. पण काकांनी शाळेला न सांगता कोपऱ्यात एक धूपकांडी लावली होती आणि सगळ्यांच्या कानात ते गुपित सांगून झालं होतं. माझ्या पुढची बाई मला म्हणाली, "किती प्रसन्न वाटतंय ना? इंडियाची आठवण आली बाई." माझ्या डोळ्यांसमोर आजींच्या आईचा पंखा जळत होता आणि हिला प्रसन्न वाटत होतं.

मी मुसंडी मारून पुढे गेले आणि प्लग उपटला. टाळ्या थांबल्या. काका म्हणाले, "वहिनी, आरती चालू आहे!" आणखी कुणीतरी म्हणालं, "निदान ही आरती तरी पूर्ण होऊ द्यायची." म्हणजे पंखा जाळला त्यांनी, आणि अपशकून केला मी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी तो गरम पंखा झिरमिळ्यांसकट पदरात घेतला आणि सगळ्यांच्या मधून चालत गाडीत जाऊन बसले. मोदक ज्याला वाढायचे त्यानं वाढले असतील.

नवरा मागोमाग आला. "अगं, एवढं काय? पंखाच तर आहे. तू करशील ना रिपेअर."

"मला विचारलंस?"

"तू बिझी होतीस. आणि काकांना नाही कसं म्हणणार?"

काकांना नाही म्हणता येत नव्हतं. मला न विचारता मात्र देता येत होतं. मी त्याला बजावून ठेवलं होतं की हा पंखा आजींचा आहे, याला हात लावायचा नाही. पण ऐकतो कोण? टाइमपासवाल्या बाईचं बोलणं ते, या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडायचं.

कॉइलचा पार कोळसा झाला होता. मी ती काढली, नवी तार आणली, हातानं गुंडाळली, सुती फीत बांधली, वार्निशात बुडवली आणि स्वयंपाकघराच्या ओव्हनमध्ये भाजली. घरभर वास सुटला. नवऱ्यानं उठून खिडक्या उघडल्या, तेवढी अक्कल त्याला होती. काम मी असं केलं की कारखान्यातल्या माझ्या साहेबाला बोट ठेवायला जागा सापडली नसती. पंखा लावला आणि तो फिरला. गपगार. नुसता वाऱ्याचा सळसळाट, बाकी काही नाही.

मग मी वेड्यासारखी त्या गुणगुणण्याच्या मागे लागले. पट्ट्यांचे बोल्ट सैल करून पाहिले, तर खडखड आली. परत आवळले, तर शांत. एक सैल, एक घट्ट, पाया उचलून, मान वाकवून, सगळं करून पाहिलं. पण आयुष्यभर तापून-निवून आलेला आवाज पान्यानं कसा आणणार? गॅरेजच्या फरशीवर बसून मी रडले. दुःखानं नाही, संतापानं रडले.

लेकीकडून परतल्यावर आजी गॅरेजमध्ये आल्या, तेव्हा मी त्यांना सगळं खरं सांगितलं. गणपती, चक्र, धूप, सगळं. त्या ऐकून घेत राहिल्या. मग खुर्ची ओढून पंख्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, लाव. मी बटण दाबलं. त्यांनी डोळे मिटले आणि मान जराशी कलती केली. दूरच्या खोलीतून कुणी हाक मारील म्हणून कान देतात ना, तशी. त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मी दाराला धरून उभी होते.

नवरा मागून आला आणि त्यांना इंग्रजीत म्हणाला, "बघा, चालतोय की नाही? झालं तर मग!"

आजींनी डोळे उघडले. माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाल्या, "हो. वारा छान लागतोय."

वारा! टेक्ससमध्ये घराघरात एसी असताना त्या बाईला वारा हवा होता का?

त्या पंखा घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या अंगणात सेल लागला. आजी होममध्ये आधीच गेल्या होत्या, लेक टेबलामागे उभी होती. केकची भांडी, दिवे, उशांची पोती, आणि त्या सगळ्यात एका कडेला, वायर नीट गुंडाळून ठेवलेला, तो पंखा. मी लेकीला विचारलं, हा नेला नाही त्यांनी? ती म्हणाली, "आई म्हणाली हा तो नाही. तुम्हाला हवा असेल तर न्या."

मी तो टॉवेल मागून घेतला आणि त्यात गुंडाळून पंखा घरी आणला. फळीवर ठेवला. नवरा बघत होता. पहिल्यांदाच त्यानं "एवढं काय" म्हटलं नाही. पुढे कुणी पाहुणा गॅरेजमध्ये आला की तो घाईघाईनं म्हणायचा, "हे सगळं हिचं काम." म्हणायचा हो, पण आता त्याचं मी काय लोणचं घालू?

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी काकांचा फोन आला. मीच उचलला. "वहिनी, मिस्टर आहेत का? ते चक्र हवं होतं. तुम्ही रिपेअर केलंत म्हणे, आणि आता आवाजसुद्धा येत नाही. मग तर उत्तमच झालं की! आरतीत मागच्या खेपेला जरा घरघर होत होती."

"काका," मी म्हटलं, "ती घरघर एका बाईला हवी होती. मरेपर्यंत रोज रात्री ऐकायला हवी होती. ती तुम्ही जाळलीत."

पलीकडून एक उसासा ऐकू आला. मला वाटलं, पोचलं बहुतेक.

"अरेरे," काका म्हणाले. "बरं, मग शनिवारी सकाळी पाठवू का कुणाला न्यायला?"