परवाना येईस्तोवर फियाट

जुनी गाडी दुरुस्तीला घेतली की ती गाडी दुरुस्त होईल की नाही हे देवालाच माहीत, पण किस्से मात्र ढिगानं तयार होतात. सुटे भाग कमी पडतात, किस्से पडत नाहीत. आमच्या जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या मंडळींत कुणाकडेही जेवायला जमलो, की पहिलं वरण वाढेपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "अरे, ते जगतापच्या फियाटचं सांग ना!" मग वरण गार होतं.

म्हणून एकदाचं ओळीनं सांगून टाकतो. मी स्वतः गाड्या उघडणाऱ्यातला नाही. मी एका मोटार कंपनीत आवाजाचं काम करतो. गाडी कुठे कुरकुरते, कुठे गुणगुणते, ते ऐकायचं आणि मोजायचं. जगतापच्या अंगणात माझं काम टॉर्च धरणं आणि चहा पिणं.

सुधाकर जगताप मूळचा फलटणचा, इथे ब्रेकच्या डिपार्टमेंटला. शहराबाहेरच्या एका खेड्यात त्यानं मागे मोठं अंगण असलेलं घर घेतलेलं. दुसरा मिलिंद, नागपूरचा, युनिव्हर्सिटीत गिअरबॉक्सवर रिसर्च करणारा. आणि वैशालीवहिनी, म्हणजे जगतापच्या सौभाग्यवती, ज्यांच्या परवानगीशिवाय आम्हा तिघांचं पान हलत नाही.

*

एका शनिवारी जगताप आणि वहिनी शेजारच्या हेर (म्हणजे श्रीयुत) श्राडर नावाच्या शेतकऱ्याकडे बटाटे आणायला गेले. वहिनी गाडीतच बसल्या. जगताप कोठारात गेला तो बाहेर येईचना.

कोठाराच्या कोपऱ्यात ताडपत्रीखालून एक नाक डोकावत होतं. तेच गोल दिवे, तीच क्रोमची जाळी. साठच्या दशकातली इटालियन फियाट! आपल्याकडे जिची पुढे पद्मिनी झाली, तिची सख्खी थोरली बहीण. श्राडरच्या सासऱ्यानं कधीतरी घेतलेली आणि नंतर कोंबड्यांनी ताब्यात घेतलेली.

आता जगतापचे वडील, आबा, हे जनावरांचे डॉक्टर. आयुष्यभर त्यांनी अशीच फियाट चालवली. फलटणच्या आसपासचा एकेक गोठा त्या गाडीचा हॉर्न ओळखायचा. मग काचबिंदू झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती हळूहळू जाणार. आबांनी गाडी विकून टाकली आणि त्यानंतर तिचं नावही काढलं नाही. पुढच्या वर्षी ते इकडे यायचे होते. जगतापच्या मनात तिथं उभ्या उभ्या एकच गोष्ट आली. आबांना दिसतंय तोवर ही गाडी त्यांना एकदा चालवू द्यायची.

तो बाहेर आला. "घेतली," म्हणाला.

"किती किलो?" वहिनींनी विचारलं.

"किलो नाही. गाडी."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, कोठाराकडे पाहिलं, आणि थंडपणे म्हणाल्या, "बरं. आणि बटाटे?"

*

आता गाडी म्हटली की वर्कशॉप आलं. आणि जर्मनीत वर्कशॉप म्हटलं की बाउआम्ट, म्हणजे बांधकामाचे परवाने देणारी कचेरी. जगताप नकाशे घेऊन गेला. तिथल्या फ्राउ बेरेन्स, म्हणजे बेरेन्सबाई, म्हणाल्या, भिंत शेजाऱ्याच्या हद्दीपासून आणखी लांब हवी. लांब केली. मग म्हणाल्या, आता अंगणातल्या झाडाच्या फार जवळ आली.

शेवटी जगतापनं त्यांना आबांच्या डोळ्यांचं सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि मनापासून ऐकलं. त्यांचेसुद्धा डोळे भरून आले म्हणे.

"तर मग, हेर जगताप," त्या म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतंय. पण डोळ्यांसाठी झाड हलवता येत नाही!"

परवाना मिळेपर्यंत अंगणात वेल्डिंग नाही, कापाकापी नाही, रंग नाही, असंही त्यांनी बजावलं. नटबोल्ट चालतील.

मिलिंद म्हणाला, "गेनाऊ! अगदी बरोबर! एवढ्यावर तर आख्खा भारत चाललाय."

*

दसऱ्याला वहिनींनी सगळी हत्यारं अंगणातल्या टेबलावर मांडली. पान्यांना हळदकुंकू, टॉर्क रेंचला हार. झेंडू मिळाला नाही म्हणून शेवंतीचा. मिलिंदकडे त्या दिवशी धम्मचक्र दिन. तो घरी वंदना करून पांढऱ्या शुभ्र शर्टात जेवायला आला, आणि पाने मापानुसार का लावले नाहीत म्हणून वहिनींशी वाद घालत बसला.

तेवढ्यात फाटकात बाउआम्टचा माणूस! जागा बघायला आलेला, आणि परवान्याआधीच कुणी काम उरकत नाही ना, तेही बघायला. त्याची नजर सरळ टेबलावर.

"इथे काम चालू आहे?"

वहिनी पुढे झाल्या. "आज? आज या हत्यारांना कुणी हात लावायचा नाही. सक्त मनाई आहे."

मनाई म्हटल्यावर त्या माणसाचा चेहरा एकदम खुलला. "कायद्यानं?"

"त्याच्याही वरून."

त्यानं बूट काढायचे का म्हणून विचारलं. मग हात मागे बांधून टॉर्क रेंचपुढे बराच वेळ उभा राहिला. जाताना मात्र जगतापच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "फार चांगली प्रथा आहे. परवान्यापर्यंत रोज पाळा!"

*

दिवाळीला जगतापनं व्हायचा तो गाढवपणा केलाच. फ्राउ बेरेन्सना बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन गेला. त्याच्या मनात तसं काही नव्हतं, आपल्याकडे दिवाळीला ओळखीच्या माणसाला फराळ देतातच. पण फाइल टेबलावर आणि शेजारी डबा, म्हटल्यावर बाईंचा रंगच उडाला!

त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेबांनी आणखी एकाला बोलावलं. डबा मध्ये आणि भोवती सरकारी माणसं. हे नेमकं काय आहे, कशाचं आहे, यात दारू आहे का, अशी सगळी चौकशी झाली. शेवटी एकमतानं ठरलं, की वास उत्तम आहे, पण घेता येणार नाही. जगताप मान खाली घालून डबा परत घेऊन आला.

वहिनींनी घरी डबा उघडला. एक लाडू कमी होता.

*

वसंतात वहिनींच्या आई यायच्या होत्या. जगतापनं सासूबाईंना कधी साधी साडी नीट आणून दिली नव्हती, पण आता रोज फोन! कारण कार्बोरेटर. इथे मिळत नव्हता, कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे मिळाला. सासूबाईंनी तो जुन्या नऊवारीत गुंडाळून पापडांच्या मधोमध ठेवला.

इकडे विमानतळावर कस्टमवाल्यांनी बॅग उघडली. वर पापड, खाली लोणच्याची बरणी, आणि मध्ये हे लोखंडी बाळ. पापड बाजूला राहिले. एक आला, दुसरा आला, मग एक पिकल्या केसांचा अधिकारी आला आणि कार्बोरेटर हातात घेऊन हळवाच झाला. तरुणपणी त्याच्या काकाकडे फियाट होती म्हणे. त्यानं सगळ्यांना तो भाग कसा चालतो ते समजावून सांगितलं.

सासूबाईंना ना जर्मन, ना इंग्लिश. त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "जावयाचं आहे ते. परत नीट गुंडाळा!"

त्यानं गुंडाळलं. लोणच्याकडे कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही.

घरी आल्या आल्या जगताप वाकून पाया पडला. "आईच्या पडला की कार्बोरेटरच्या," वहिनी अजून विचारतात, "तेवढं सांगा."

*

परवाना येत नव्हता आणि आम्ही पडलो इंजिनिअर. इंजिनिअरला रिकामं बसवलं की तो चालू वस्तू सुधारायला घेतो! गाडीचा पत्रा श्राडरच्या कोरड्या कोठारात राहून शाबूत होता, त्यामुळे इंजिन चालू झालं तेव्हाच खरं म्हणजे थांबायला हवं होतं. पण नटबोल्ट चालतील ना! मग जगतापनं पुढे डिस्क ब्रेक बसवले. मग डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. मग इलेक्ट्रॉनिक इग्निशन, मग सीट बेल्ट. डिशवॉशरमधून बशांच्या जागी ब्रेकचे कॅलिपर निघाले, त्या दिवशी वहिनी माहेरी जायची भाषा बोलल्या. माहेर त्याच वेळी वरच्या खोलीत झोपलं होतं.

राहिला गिअर. या गाडीचा गिअर खाली नसतो, स्टीयरिंगच्या दांड्यालाच काठी असते. अंगणात फेरी मारताना जगतापनं दुसरा गिअर टाकला की कर्रर्र! दर वेळी. माझे तर दात शिवशिवायचे. मिलिंदचं म्हणणं, ही काठी म्हणजे मागासलेपणाची निशाणी, गिअर खाली फ्लोअरवरच पाहिजे. त्यानं कम्प्युटरवर डिझाइन केलं, भाग बनवून आणले. पण त्यासाठी खालचा पत्रा कापायचा आणि वेल्डिंग करायचं. म्हणजे परवाना. म्हणजे झाड.

दर शनिवारी चहा पिताना जगताप शपथ घ्यायचा, "परवाना आला की पहिलं काम मिलिंदचा गिअर!" मिलिंदचे ते भाग सोफ्याखाली पडून होते. झाडू मारताना वहिनींना लागायचे.

*

परवाना आला नाही. आबा आले.

विमानतळावर आबांनी जगतापच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, तेव्हाच आमच्या लक्षात आलं. फोनवर सांगत होते त्यापेक्षा नजर फार गेली होती. उजेड, अंधार, मोठाले आकार, एवढंच. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, उद्या सकाळी ती गाडी काढा. तो परवाना गेला खड्ड्यात!"

श्राडरच्या बिटाच्या शेतातून एक लांब पांदी, म्हणजे कच्चा शेतरस्ता, जाते. त्याची खासगी, त्यामुळे कुणाला विचारायचं कारण नाही. सकाळी आम्ही सगळे आबांना घेऊन तिथे उभे राहिलो आणि जगताप गाडी आणायला गेला. दुसऱ्या गिअरला नेहमीचं कर्रर्र झालं, आणि आबांनी मान वर केली.

"फियाट हाय काय रं?" त्यांनी मला विचारलं. "कुणाची?"

जगताप खाली उतरला होता. "आपलीच, आबा. तुमच्यासाठी केलीय. चला, चालवा."

मिलिंदनं हात धरला, तो त्यांनी सोडवला. बॉनेटवर तळवा ठेवून, कडेकडेनं, काचेचा खांब चाचपत बरोबर दारापाशी गेले. दार उघडलं, आत बसले, ओढून घेतलं. दोन्ही हात वर उचलले.

हातात काही आलं नाही.

आबा उजव्या बाजूला बसले होते. जन्मभर बसत आले तिथे. आणि गाडी होती इकडची, स्टीयरिंग डावीकडे! वर्षभर तीन इंजिनिअर त्या गाडीत डोकं घालून बसले होते. डिस्क ब्रेक सुचला, सीट बेल्ट सुचला, पण हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं इथे काढून आम्हाला डावी बाजूच ड्रायव्हरची वाटायला लागली होती.

"अगं बाई गं!" वहिनी म्हणाल्या. मिलिंदनं कपाळाला हात लावला. जगतापकडे मला बघवेना.

आबांनी हात हळूच मांडीवर ठेवले. "तिकडं हाय व्हय स्टीयरिंग," म्हणाले. "असू दे रं सुधा. बसलो तरी."

जगताप पलीकडून आत शिरला आणि नुसताच बसून राहिला. तेवढ्यात आबांचा डावा हात मांडीवरून उठला, हवेत थोडा पुढे गेला, आणि गिअरच्या काठीवर जाऊन बसला. काठी स्टीयरिंगच्या उजव्या अंगाला, त्यांच्या डाव्या हाताच्या बरोबर समोर!

"क्लच दाब," आबा म्हणाले.

जगतापनं दाबला. गाडी निघाली. दुसऱ्या गिअरची वेळ आली तेव्हा मी सवयीनं दात आवळले. पण आवाज आला तो फक्त आबांचा, "आता दाब! अरं, पुरता दाब की!" आणि गाडी पुढे सरकली. मग तिसरा. आवाज ऐकणं हाच माझा धंदा आहे. कुठं जरासुद्धा खरखर नव्हती.

गाडी वळणाआड गेली, तरी बिटावरून हाक ऐकू येत होती, "क्लच!"

श्राडर कमरेवर हात ठेवून बघत होता. त्याला काही उलगडा होईना. "चालवतंय तरी कोण?" त्यानं विचारलं.

मिलिंदनं वळणावरची नजर काढली नाही.

"आबा," म्हणाला.