अख्खा नारळ

‘काऊन?’ एवढंच म्हणून बाई हातातलं काम खाली ठेवायच्या आणि समोरच्याचं तोंड पाहत बसायच्या. कारण देता आलं तर ठीक, नाहीतर त्याची धडगत नसे. ऊर्जानगरात, म्हणजे वीजकेंद्राच्या कॉलनीत, त्या आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत आणि केंद्राच्या स्टोअरमध्ये आम्ही एकाच खोलीत बसायचो, त्यामुळे हा ‘काऊन’ मी भरपूर खाल्ला आहे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. ऑफिसात संगणक आला तेव्हा त्याला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. सगळ्यांनी हात जोडले. बाई तेवढ्या हाताची घडी घालून उभ्या. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हाच हे सगळं त्यांच्या घरातून गेलं होतं.

पुढे बाईंनी नागपूरहून एक वापरलेला संगणक घरी आणला, कॉलनीतल्या पोरींना शिकवायला. संगणक ज्यावर चालतो ते त्यातलं डॉस जुनं होतं आणि ऑफिसांत नवं आलेलं. पोरी उद्या नोकरीला गेल्या तर अडायला नकोत, म्हणून एका रविवारी बाई फ्लॉप्या घेऊन डॉस बदलायला बसल्या. आणि संगणकच बसला! पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची, पुढे ढिम्म.

‘नारळ फोडला नाही ना!’ संध्याकाळपर्यंत कॉलनीनं निकाल दिला. समोरचे चौधरीभाऊ भला माणूस, ते नारळ घेऊनच आले.

‘बाई, फोडून टाका. आपलं काय जाते?’

‘भाऊ, फ्लॉपी इथी घालतात. नारळ कुठी घालू?’

‘मशीनले मान द्याव लागते,’ चौधरीभाऊ हिरमुसून म्हणाले.

‘अन् माह्या बापाले? त्याले देवळाच्या पायरीवरून हाकललं, तवा कोणाले मान आठवला नाई!’ बाईंचा आवाज चढला होता. ‘ठेवा तो नारळ मशीनवर. अख्खा. सुरू झाल्यावरच फोडीन.’

आता माघार नव्हती. मशीन बंद राहिली असती तर कॉलनीनं जन्मभर नारळाचंच नाव घेतलं असतं आणि पोरींच्या आयांनी त्यांना पुन्हा बाईंकडे पाठवलं नसतं.

आठवडाभर बाई ऑफिसातून आल्या की मशीनपुढे. मी शेजारी बसून माहितीपुस्तक वाचून दाखवायचो आणि उच्चारांवरून बोलणी खायचो. शेवटी सापडलं. जुन्या डॉसची एक फाइल आतच राहून गेली होती आणि नव्याशी तिचं पटत नव्हतं.

‘माहीच चुकी,’ बाई खुशीत ओरडल्या. ‘देवाची नाई!’

चौधरीभाऊंना बोलावून आणल्याशिवाय त्यांनी बटण दाबलं नाही. नवं डॉस पडद्यावर उमटलं. मग बाईंनी नारळ उचलला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर आपटून फोडला आणि हिरव्या मिरच्या घालून चटणी वाटली. चौधरीभाऊंनी दोनदा मागून घेतली.

गेल्या वर्षी बाई गेल्या. कॉलनीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. नारळ फुटला आणि बाईंचा संगणक सुरू झाला, अशी आठवण कोणीतरी कौतुकानं सांगू लागलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतून चौधरीभाऊ काठी टेकत उभे राहिले.

‘थांबा,’ ते म्हणाले. ‘मशीन सुरू झाली तवा नारळ अख्खा होता. मी सोता पाह्यलं.’